नाही आणि नव्हे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बँकांविषयी, अर्थसंकल्पाविषयी किंवा फार तर ग्राहकांच्या हक्कांविषयी लिहावे, अशी आपल्या नियतकालिकाची रीत दिसते. कथा-कविता कला शाखेच्या वाट्याला आणि आकडे आमच्या वाट्याला, अशी ही जुनी वाटणी आहे. आज मी मात्र लिहिणार आहे एका कार्टून चित्रपटाविषयी. प्राध्यापकवर्गाच्या कपाळाला आठ्या पडण्यापूर्वी एवढेच सांगते की, सुरुवात मीसुद्धा आकड्यांपासूनच करणार आहे.

चित्रपटाचे नाव ‘द आयर्न जायंट’. ऑगस्ट १९९९ मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. त्याचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. निर्मितीचा खर्च सुमारे ५ ते ७ कोटी डॉलर धरला जातो आणि जगभरच्या तिकीटविक्रीतून आले अवघे ३ कोटी डॉलरच्या आसपास. तिकीटबारीवरची सगळी रक्कम निर्मात्याच्या गल्ल्यात पडत नाही, चित्रपटगृहांचा वाटा त्यातून जातो, हे लक्षात घेतले म्हणजे तोट्याची बाजू किती जड होती ते दिसेल. वॉर्नर ब्रदर्ससारख्या मोठ्या कंपनीचा चित्रपट, परीक्षकांनी वाखाणलेला. पण जाहिरात बेताचीच झाली आणि लोकांना तो आला केव्हा नि गेला केव्हा याचा पत्ताही लागला नाही. त्या वर्षीचे ॲनिमेशनचे ‘ॲनी’ पुरस्कार त्याने एकापाठोपाठ एक पटकावले, पुढे दूरदर्शन संचावर आणि घरच्या कॅसेटवर मुलांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, २०१५ मध्ये दोन नव्या प्रसंगांची भर घालून त्याची आवृत्ती पुन्हा पडद्यावर आली. पण १९९९ च्या ताळेबंदात या कशाचीच नोंद नाही. तेथे तो बुडीत माल आहे.

बुडीत मालाबद्दल मला आस्था आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

या कथेचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. इंग्रज कवी टेड ह्यूज याने १९६८ मध्ये मुलांसाठी ‘द आयर्न मॅन’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्याची पत्नी, कवयित्री सिल्व्हिया प्लाथ हिने १९६३ मध्ये आत्महत्या केली होती; घरात दोन लहान मुले होती. कड्यावरून कोसळून तुकडे तुकडे झालेला एक लोखंडी माणूस आपले तुकडे आपणच शोधून पुन्हा जोडतो, अशी त्या पुस्तकाची सुरुवात आहे. आईविना राहिलेल्या मुलांना बापाने सांगितलेली ती गोष्ट आहे, हे कळल्यावर ते तुकडे निराळेच वाटू लागतात. ह्यूज ऑक्टोबर १९९८ मध्ये वारला. चित्रपट प्रदर्शित झालेला त्याला पाहता आला नाही. ब्रॅड बर्डने पुस्तकातले बरेच काही बदलले, पण दुःखाचे मूळ काही बदलले नाही. त्याच्या बहिणीचा बंदुकीच्या गोळीने अंत झाला होता. बंदुकीला जर आत्मा असता आणि तिला बंदूक होऊन राहायचे नसते तर काय झाले असते, या एका प्रश्नातून आपला चित्रपट निघाला, असे त्याने पुढे सांगितले आहे.

काळ आहे १९५७ च्या ऑक्टोबरचा. ४ ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाने ‘स्पुटनिक’ आकाशात सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. आपल्या डोक्यावरून शत्रूचे काहीतरी फिरते आहे, या भीतीने शाळकरी मुलांना बाँब पडल्यास बाकाखाली कसे लपावे याचे धडे दिले जात होते. अणुबाँबपुढे लाकडी बाकाचा काय टिकाव! पण भीतीच्या दिवसांत माणसे अशाच उपायांना उपाय म्हणतात. अशा वेळी मेन राज्यातल्या रॉकवेल नावाच्या एका काल्पनिक गावाजवळ, वादळी रात्री, समुद्रात आकाशातून एक प्रचंड लोखंडी आकृती कोसळते. तिची भूक लोखंडाची. वीजकेंद्रातल्या तारांत ती अडकते तेव्हा हॉगार्थ नावाचा एक मुलगा खटका ओढून वीज बंद करतो आणि तिचा जीव वाचवतो. येथून दोघांची दोस्ती. हॉगार्थला वडील नाहीत. त्यांचा विमानाबरोबरचा एक फोटो तेवढा घरात दिसतो. आई खाणावळीत राबते. घरात एकट्या पडणाऱ्या पोराला पन्नास फुटांचा सवंगडी मिळतो, आणि त्याला लपवायचे कोठे, खायला काय घालायचे, हा संसार सुरू होतो. शेवटी डीन नावाच्या एका भंगारवाल्याचे आवार त्याला सापडते. डीन भंगारातून शिल्पे करणारा मनस्वी माणूस. भुकेल्या लोखंडी पाहुण्याला याहून चांगली खाणावळ कोठे मिळणार?

‘जायंट’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला पडला. राक्षस म्हटले की तो आधीच वाईट ठरतो. माझ्या धाकट्या भावाने तो प्रश्न एका झटक्यात सोडवला. त्याने त्याचे नाव ठेवले ‘लोखंड्या’. मीही तेच वापरते.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत हा चित्रपट आम्ही घरी पाहिला. आम्ही म्हणजे मी, दहा वर्षांचा भाऊ, आणि खालच्या घरातला आठ वर्षांचा मुलगा. खालच्या घरी कन्नड बोलतात. तो मुलगा कन्नड शाळेत जातो. भाऊ इंग्रजी शाळेत असला तरी अमेरिकन उच्चार त्याच्या कानांवरून जातात. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तेव्हा दर दोन मिनिटांनी चित्रपट थांबवायचा, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये सांगायचे, अशी माझी दुभाष्याची नोकरी सुरू झाली. दोघेही मला ‘अक्का’च म्हणतात, तेवढा शब्द सामाईक!

हॉगार्थ लोखंड्याला भाषा शिकवतो तो प्रसंग आला. तो एक दगड उचलून दाखवतो आणि त्याचे नाव सांगतो, मग झाड दाखवतो. मी म्हटले, ‘दगड, झाड.’ मग खालच्यासाठी म्हटले, ‘कल्लु, मर.’ झाडाला कन्नडमध्ये ‘मर’ म्हणतात, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. भाऊ खो खो हसायला लागला. ‘अक्का, एवढं झाड दाखवून त्याला मर म्हणायचं?’ मग दोघांचा खेळच सुरू झाला. खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बोट दाखवून एकाने ‘मर’ म्हणायचे आणि दुसऱ्याने जमिनीवर लोळण घ्यायची.

हसणे थोड्याच वेळात थांबले. जंगलात लोखंड्याला एक हरीण दिसते. तो बोट पुढे करतो, ते घाबरत घाबरत त्याला हुंगते. हरीण निघून जाते आणि बंदुकीचा बार ऐकू येतो. शिकाऱ्यांनी त्याला मारलेले असते. लोखंड्या ते कलेवर हलवून पाहतो. ते उठत का नाही, हे त्याला कळत नाही. हॉगार्थ त्याला मरण म्हणजे काय ते सांगतो. मारणे वाईट, पण मरणे वाईट नाही, असे काहीसे त्याचे तत्त्वज्ञान आहे. त्या वेळी दोन्ही भाषांत सांगणे मला जड गेले. मघाचा तो ‘मर’ शब्द पुन्हा उच्चारताना दोघेही माझ्याकडे पाहत होते. एका भाषेत झाड आणि दुसऱ्या भाषेत मरण! दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या मुलांना शब्दांचे असे धक्के रोजच बसतात, आणि त्यातून ती थोडी लवकर शहाणी होतात, असे मला वाटते.

पण ज्या शब्दासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो याच्याही पुढे आहे.

लोखंड्याच्या अंगात शस्त्रे आहेत. तो कोणीतरी युद्धासाठी घडवलेला आहे. पडताना डोक्याला पोचा पडला म्हणून त्याला स्वतःचा विसर पडला, एवढेच. कोणी बंदूक रोखली की त्याचे डोळे आपोआप पेटतात. एकदा खेळता खेळता हॉगार्थ त्याच्यावर खेळण्यातली बंदूक रोखतो, आणि त्या डोळ्यांतून निघालेल्या झोतातून तो थोडक्यात वाचतो. डीन ओरडून लोखंड्याला हाकलून लावतो, त्याला हत्यार म्हणतो. तेव्हा लोखंड्या आपल्या मोडक्या बोलीत म्हणतो की आपण बंदूक नाही.

मी भावाला तसेच सांगितले : ‘तो म्हणतो, मी बंदूक नाही.’

भाऊ म्हणाला, ‘पण आत्ताच डोळ्यांतून निघाली की!’

त्याचे बरोबर होते. मग मी खालच्या मुलाला सांगितले : ‘नानु बंदूकु अल्ल.’ त्याने नुसती मान हलवली. त्याला शंका आलीच नाही.

का आली नाही? मी विचार करू लागले. कन्नडमध्ये ‘नाही’ला दोन शब्द आहेत. एखादी वस्तू जवळ नसेल, अस्तित्वात नसेल, तर ‘इल्ल’. एखादी वस्तू ती नसून दुसरीच असेल, तर ‘अल्ल’. ‘बंदूकु इल्ल’ म्हणजे बंदूक जवळ नाही. ‘बंदूकु अल्ल’ म्हणजे बंदूक हे माझे स्वरूप नाही. लोखंड्याने ‘इल्ल’ म्हटले असते तर ते खोटे ठरले असते, कारण बंदूक त्याच्या अंगातच आहे. तो ‘अल्ल’ म्हणतो आणि ते खरे आहे. आठ वर्षांच्या मुलाला हा भेद आईच्या दुधाबरोबर मिळालेला. माझ्या भावाच्या मराठीत मात्र एकटे ‘नाही’ दोन्हीकडची कामे ओढत होते.

वस्तुतः मराठीलाही हा भेद माहीत आहे. आपला ‘नव्हे’ म्हणजे दुसरा कोण? ‘मी बंदूक नव्हे.’ पण हा शब्द आता पुस्तकांत आणि भाषणांत अधिक, बोलण्यात कमी, अशी माझी समजूत होती. ती दुसऱ्याच दिवशी फिरली, कारण हा शब्द मी रोज संध्याकाळी ऐकत असते, हे माझ्या ध्यानात आले.

येथे मला माझ्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे.

बाबा मोल्डर होते. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या किती आहेत हे गावच्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्यांतल्याच एका फाउंड्रीत त्यांनी सव्वीस वर्षे वाळूचे साचे बांधले. साच्यात वाळू किती दाबायची, ओल किती ठेवायची, वाफ निघून जायला वाट कोठे ठेवायची, हे त्यांच्या बोटांना कळत असे. तीन वर्षांपूर्वी तेथे साचे करणारे यंत्र आले. जुन्या मोल्डरांचा नियमाप्रमाणे हिशेब झाला, पैसे मिळाले, भांडण काही नव्हते. बाबा घरी आले आणि डबा नळाखाली धुऊन कपाटात ठेवला. तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. कोणी विचारले तर म्हणत, ‘मोडीत काढलं आम्हाला.’ हसत म्हणत. म्हणून ऐकणाऱ्यालाही हसावे लागे.

माझ्या मामांचे भंगाराचे आवार आहे. काही महिन्यांनी बाबा तेथे जाऊ लागले, आणि कॉलेज सुटल्यावर हिशेब लिहायला मीही जाते. कॉलेजात जे ‘जर्नल’ आणि ‘लेजर’ त्याला मामा अजून रोजकीर्द आणि खतावणी म्हणतात. मी टेबलाशी बसून काट्याच्या पावत्या उतरवते. पलीकडे बाबा मालाची निवड करतात. भंगाराच्या धंद्यात निवड हीच खरी कमाई. बीड वेगळे, पोलाद वेगळे, पितळ वेगळे, तांबे वेगळे. एकात एक मिसळले की भाव पडतो. बाबा तुकडा उचलतात, हातोडीचा एक ठोका देतात आणि आवाज ऐकतात. पोलाद खणखणते, बिडाचा आवाज बद्द येतो. कोठे मोडलेली कड असेल तर तिचा करडा दाणा पाहतात. आणि मग म्हणतात, ‘हे बीड नव्हं, पोलाद हाय.’ ‘हे पितळ नव्हं, वर नुसता मुलामा.’ संध्याकाळी चार ते सात या वेळात ‘नव्हं’ हा शब्द मी किती वेळा ऐकत असेन याचा हिशेब मात्र रोजकीर्दीत नाही!

जो माणूस दिवसभर इतरांच्या वस्तूंना त्या काय आहेत आणि काय नव्हेत हे सांगतो, तो स्वतःला मात्र एका शब्दात ‘मोड’ म्हणून मोकळा होतो, हे मला त्या दिवसांत फार लागू लागले.

आम्हाला बी.कॉम.ला घसाऱ्याचे गणित असते. यंत्राची मूळ किंमत घ्यायची, आयुष्य संपल्यावर मोडीची जी किंमत येईल ती वजा करायची, राहिलेल्या रकमेला आयुष्याच्या वर्षांनी भागायचे. ही सरळ रेषेची पद्धत. यंत्र कशासाठी घेतले, एवढाच प्रश्न तेथे विचारायचा असतो. ते काम संपले की उरते ती मोडीची किंमत. यंत्रापुरते हे गणित चोख आहे, त्यात मला खोट दिसत नाही. खोट दिसते ती आपण तेच गणित माणसाला लावतो तेव्हा. आणि माणूस तेच गणित स्वतःला लावून घेतो तेव्हा तर अधिकच.

चित्रपटाच्या उत्तरार्धाच्या वेळी बाबाही येऊन मागे खुर्चीवर बसले होते. आगगाडीच्या धडकेने लोखंड्याचे अवयव विखुरतात आणि डोक्यातून निघणाऱ्या खुणेच्या आवाजासरशी एकेक अवयव चालत येऊन जोडला जातो, हा प्रसंग मुलांनी आग्रहाने त्यांच्यासाठी मागे नेऊन दाखवला. मला वाटले ते हसतील. ते पुढे वाकून बारकाईने पाहू लागले आणि म्हणाले, ‘हे बीड नव्हं. बिडाचा असता तर एवढ्या धडकेनं ठिकऱ्या उडाल्या असत्या. सांध्यात निखळलाय नुसता.’ नंतर बराच वेळ त्या हाताचा साचा केवढा लागेल, तो किती भागांत ओतावा लागेल, रस कोठून सोडायचा, हे ते दोन्ही मुलांना बोटांनी जमिनीवर काढून दाखवत होते. खालच्या मुलाला त्यांचे मराठी पुरते कळत होते असे नाही. पण त्याने एकदाही मला अर्थ विचारला नाही.

त्यांना मी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना आवडली. या चित्रपटातली माणसे हाताने काढलेली आहेत आणि लोखंड्या तेवढा संगणकावर तयार केलेला आहे. पण संगणकाची रेघ इतकी नेमकी येऊ लागली की तो माणसांच्या शेजारी परका दिसू लागला. तेव्हा त्याच्या रेषा हाताने काढल्यासारख्या किंचित थरथराव्यात म्हणून खास व्यवस्था करावी लागली. ‘म्हणजे मशीनला हाताची चूक शिकवली,’ बाबा म्हणाले, आणि या खेपेला ते मनापासून हसले.

आता चित्रपटाच्या शेवटाकडे वळते, कारण त्याच्या तात्पर्याविषयी माझा थोडा मतभेद आहे. आपण कोण व्हायचे ते आपणच ठरवायचे असते, असे हॉगार्थ लोखंड्याला सांगतो. हे वाक्य आता फार लोकप्रिय झाले आहे. पण भिंतीवर टांगायच्या पाटीसारखे ते वापरले तर मला ते पटत नाही. मोल्डरने ठरवून यंत्र येण्याचे थांबत नाही. ज्याच्या हातात निवड असते त्याला हे वाक्य सोपे जाते. शिवाय कोणी असेही विचारील की, लोखंड्या चांगला वागतो त्यात त्याची निवड ती कसली? डोक्याच्या पोच्यामुळे तो आपला धंदा विसरलेला आहे, इतकेच ना?

या आक्षेपाला चित्रपटाने दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते. सैन्य गावात येते, गोळाबार होतो, हॉगार्थ मेला असे लोखंड्याला वाटते, आणि त्याला सगळे आठवते. अंगातून एकामागून एक शस्त्रे बाहेर पडतात. आता विसर नाही, आता ‘बंदूकु इल्ल’ असे कोणी म्हणू शकत नाही. नेमक्या त्या क्षणी शुद्धीवर आलेला हॉगार्थ त्याच्यापुढे उभा राहतो, आणि लोखंड्या शस्त्रे मिटवून घेतो. म्हणजे त्याची निवड हतबलाची निवड नाही. सगळे सामर्थ्य हाती असताना त्याने ‘अल्ल’ म्हटले आहे. तोवर उशीर झालेला असतो. मॅन्सली नावाच्या भित्र्या सरकारी अधिकाऱ्याने रेडिओ हिसकावून अण्वस्त्र सोडण्याचा हुकूम दिलेला असतो. ते लोखंड्याच्या रोखाने येणार, आणि लोखंड्या उभा आहे भर गावात. गावकऱ्यांसकट सगळे जाणार. तेव्हा लोखंड्या हॉगार्थला मागे राहायला सांगतो, एकटाच वर झेपावतो आणि त्या अस्त्राला आकाशातच गाठतो. हॉगार्थने त्याला चित्रकथांच्या वह्या दाखवल्या होत्या. त्यांत एक संहारक यंत्रमानव होता आणि एक सुपरमॅन. तो शेवटी सुपरमॅनचे नाव उच्चारून डोळे मिटतो. आमच्याकडे त्या वेळी तिन्ही भाषा बंद होत्या. मी काही सांगितले नाही, कोणी विचारले नाही.

म्हणून मला वाटते, ‘ठरवायचे’ याचा अर्थ ‘हवे ते मिळवायचे’ असा नाही. मला कशासाठी घडवले, माझ्याकडून कोणते काम घेतले, ते कधी बंद केले, हे दुसऱ्याच्या हातात असेल. पण तेवढेच म्हणजे मी नव्हे, हे म्हणणे माझ्या हातात आहे. आणि ते म्हणण्याची किंमतही मलाच भरायची आहे.

गंमत अशी की, स्वतः लोखंड्याच्याही वाट्याला पुढे विपरीत आले. २०१८ साली स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘रेडी प्लेअर वन’ या चित्रपटात त्याला पुन्हा उभे केले, तेही लढाईत. पडद्यावर तो भव्य दिसला असेल. पण ज्याने जीव देऊन ‘मी बंदूक नव्हे’ म्हटले त्याच्या हाती पुन्हा तेच काम दिले, याचे मला वाईट वाटले. २०१४ च्या ‘बिग हिरो सिक्स’मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. तेथला बेमॅक्स हा रुग्णसेवेसाठी बनवलेला यंत्रमानव. भावाच्या मृत्यूने सुडाला पेटलेला हिरो नावाचा मुलगा त्याच्यातली सेवेची चकती काढून घेतो, लढाईची तेवढी ठेवतो, आणि तो मऊ, गुबगुबीत बेमॅक्स क्षणात मारेकरी होतो. एके ठिकाणी मूल यंत्राला माणूसपण शिकवते, दुसऱ्या ठिकाणी तेच काढून घेते. आज खिशातल्या फोनमध्येही बोलणारी, उत्तरे देणारी यंत्रे येऊन बसली आहेत. ती चांगली की वाईट, यावर वादविवाद स्पर्धा पुष्कळ होतील. मला या दोन चित्रपटांनी वेगळाच प्रश्न दिला : त्यांच्याशेजारी बसून त्यांना दगड कोणता, झाड कोणते आणि मेलेले हरीण म्हणजे काय हे सांगणारा कोण आहे, आणि त्याच्या स्वतःच्या मनात काय आहे?

आपल्या गावापुरते आणखी एक. ‘आम्ही अमुक नव्हे’ हे वाक्य आपल्याकडे फार जोरात म्हटले जाते. मराठीतून म्हटले जाते, कन्नडमधूनही म्हटले जाते. त्यात बहुधा बोट समोरच्याकडे असते. लोखंड्याचे ‘नव्हे’ स्वतःतल्या वाईटाला उद्देशून आहे. तेवढ्या अर्थाने तो शब्द दोन्ही बाजूंनी वापरला तर या नियतकालिकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांत एकच लेख छापता येईल.

आता बुडीत मालाबद्दल. पंधरा दिवसांमागे माझा भाऊ आवारात आला होता. बिडाच्या फुटक्या तुकड्यांच्या ढिगाकडे पाहून त्याने विचारले, ‘हे सगळं टाकून देणार?’ बाबा म्हणाले, ‘टाकून कशाला? भट्टीत जाणार. मोड घातल्याशिवाय भट्टी चालत नसते. मोड म्हणजे टाकाऊ नव्हं रे, तो कच्चा माल.’ हे त्यांनी फाउंड्रीतली साधी गोष्ट म्हणून सांगितले आणि पुढचा तुकडा उचलला. स्वतःला लावून ते असे काही बोलले, असा मी दावा करणार नाही. त्यांच्या तोंडी ‘मोडीत काढलं’ अजूनही अधूनमधून येते. पण मी पावत्या लिहीत होते ती थांबले.

परीक्षेत मी घसाऱ्याचे उदाहरण सरळ रेषेच्या पद्धतीने सोडवीन, मोडीची किंमत वजा करीन आणि पूर्ण गुण घेईन. पण ज्या चित्रपटाला त्याच्या मालकांच्या वहीने तोट्यात टाकले तो वीस-पंचवीस वर्षांनी बेळगावातल्या एका खोलीत दोन भाषांतल्या दोन मुलांना आणि एका मोल्डरला खिळवून ठेवू शकला. ही जमेची रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची, ते आमच्या अभ्यासक्रमात नाही. तोवर मी ती रोजकीर्दीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, आकड्याविना, एका ओळीत लिहून ठेवली आहे : हे बुडीत नव्हे.